पाठमोऱ्या

पाहुण्यांना घेऊन मी मंगल कार्यालयाच्या दारात आले तेव्हा पहिल्या ओळीतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

थोड्या वेळापूर्वी मीच त्या भरून गेले होते. खिडकीजवळ अंबक्का, तिच्या शेजारी गंगव्वा, पुढे बाकीच्या चौघी. एकीचं कुंकू घामानं ओघळलं होतं ते माझ्या रुमालानं टिपलं, दुसरीचा पदर सारखा केला, आणि "अशाच बसा हं" म्हणून फाटकाशी गेले. परत येऊन बघते तर नुसत्या खुर्च्या.

बायका मात्र तिथंच होत्या. गंगव्वा कोपऱ्यातल्या सतरंजीची घडी घालत होती. एक जण खिडकीचे गज पुसत होती, दुसरी धुतलेले कप पुन्हा पुसत होती. दोघी मिळून एक टेबल या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होत्या. अंबक्का व्यासपीठाखाली उकिडवी बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसत होती. त्या फरशीवर काहीही सांडलेलं नव्हतं. आणि सहाच्या सहा जणींची दाराकडे पाठ होती.

"उमेदवार यायचेत वाटतं अजून," झंवर शेठ म्हणाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. अंबक्काच्याच. पावसानं ओढ दिलेली, ऊन फार होतं. त्यांनी कपाळ पुसलं आणि समोरच्या पाठीला म्हणाले, "बाई, जरा पाणी आण."

अंबक्का उठली. हात धुतले, तांब्यातून पेला भरला, मान खाली घालून त्यांच्या हातात दिला आणि परत पाठ करून भिंतीशी जाऊन उभी राहिली. बिराजदार सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं बघितलं.

ही गोष्ट माझ्या लग्नाआधीची. सोलापूरच्या पूर्व भागात आमची एक लहानशी संस्था होती. संस्था म्हणजे बिराजदार सर, मी आणि दोन खोल्या. सर पूर्वी आयटीआयमध्ये शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की ज्याचं काम काल सुटलं त्याची कुणीतरी विचारपूस करतं, पण ज्याचं सुटून वर्षं लोटली त्याचा अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात खाली जातो, आणि एक दिवस माणूसच गठ्ठ्याखाली जातो. म्हणून अर्जच नकोत. माणूस समोर बसवायचा आणि काम देणाऱ्याला सांगायचं, हा बघा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्यांनी तीन ठिकाणचे उंबरे झिजवले होते. एका मोठ्या दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई, कपडे धुण्याचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ, आणि शाळेचे गणवेश शिवणारे हे झंवर शेठ. तिघांनी एकाच दिवशी यायचं कबूल केलं, तेव्हा सरांनी मला पेढा दिला होता.

सहाही जणी एकाच सूतगिरणीतल्या. गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली होती. तिच्या भोंग्यावर ज्या भागातली घड्याळं लागायची, तिथं आता भोंगा कसा वाजायचा हेही पोरांना ठाऊक नव्हतं. पुरुष कुणी सुरतला गेले, कुणी रिक्षा घेतल्या. बायका राहिल्या. विड्या वळल्या, चार घरची धुणी केली, लग्नात पोळ्या लाटल्या. पण कुणी विचारलं, काय करता, की सगळ्यांचं उत्तर एकच. घरीच असते.

त्या "घरीच" शी मी दोन आठवडे भांडले होते. रोज दुपारी आमच्या खोलीत बसायचो. नाव कसं सांगायचं, काय काम केलंय ते कसं सांगायचं, आणि तो एक प्रश्न कुणी विचारलाच, की मधली नऊ वर्षं काय केलंत, तर काय म्हणायचं. गंगव्वा माझा चष्मा लावून साहेब व्हायची. जाड होती, आवाज घोगरा, सोंग हुबेहूब. बाकीच्यांना दरडावून विचारायची, "काय गं, नऊ वर्षं काय करलालतीस?" आणि कुणाला उत्तर सुचायच्या आत स्वतःच सांगायची, "तुमच्यासारख्या देखण्या साहेबाची वाट बघलालते." मग सगळ्या हसून लोळायच्या, आणि माझी शिकवणी तिथंच बारगळायची.

अंबक्का हसायची, पण आवाज न करता. शेलाटी बाई, पन्नाशीच्या अलीकडची, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिचं एक लक्षात यायचं. तोंडाकडं बघून काही विचारलं की तिला शब्द सापडायचा नाही. पण खिडकीतून बाहेर बघत बसली, की तीच बाई असं बोलायची की आम्ही ऐकत राहायचो. सूत कातायच्या रिंग खात्यातला कापसाचा धुरळा, कोणाच्या डोहाळजेवणाला मशीनमागे लपवून आणलेली पुरणपोळी, तुटलेला धागा जोडताना बोटाला पडणारा घट्टा. मला वाटायचं, लाजाळू आहे. म्हणून मी तिची खुर्ची नेहमी खिडकीजवळ ठेवायची.

तिच्याकडं वेळ थोडा होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भिवंडीला तिचा भाऊ होता, नरसय्या. स्वतःचे माग, मोठं घर. राखीला तो येणार होता, आणि जाताना तिला घेऊन जाणार होता. कायमचं. भावजयीची कंबर धरली होती, घरात माणसं बरीच, एकटीनं इथं राहून करतेस काय, असा त्याचा सवाल. सवाल वाईट नव्हता. भाऊही वाईट नव्हता. मी एकदा म्हटलंही, "अक्का, तिथं आराम मिळेल थोडा." तिनं कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं धरली. छोट्याशा पितळी कुलपाची साधी किल्ली.

"इथं दाराला माझं कुलूप हाय अम्मा," ती म्हणाली. "भावाच्या घरात कुणाचं कुलूप असतं का?"

कामावर लागली तर भावाला नाही म्हणता येणार होतं. नाही लागली तर नाही म्हणायला तोंड नव्हतं. राखी तीन आठवड्यांवर आली होती.

तर त्या दिवशी, झंवर शेठच्या हातात पाण्याचा पेला आणि समोर सहा पाठी. शेवटी सरच खाकरले. म्हणाले, "शेठ, याच आमच्या उमेदवार."

शेठच्या हातातला पेला तसाच राहिला. ते चाळिशीतले, वडिलांच्या मागं नुकतीच फॅक्टरी हाती आलेली. कानापर्यंत लाल झाले. "माफ करा, मला वाटलं…" म्हणाले आणि उठून खुर्ची बदलली. माणूस उर्मट नव्हता. उर्मट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी एकेकीला हाताला धरून खुर्चीत बसवलं. हात गार पडले होते. दोन आठवडे पाठ केलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. एकीनं स्वतःचं नाव इतकं हळू सांगितलं की दवाखान्याच्या बाईंनी तीनदा विचारलं. गंगव्वा, आमचा साहेब, पदराचं टोक दातात धरून बसली. अंबक्काची पाळी आली. शेठनी मघाची चूक भरून काढायची म्हणून की काय, फार मऊपणे विचारलं, गिरणी बंद झाल्यापासून काय करत होता?

ती फरशीकडं बघत होती. ओठ हलले.

"घरीच होते," म्हणाली.

शेठ थांबले. आणखी काही येईल म्हणून खरंच थांबले. मीही मनात म्हणत होते, बोल अक्का, खिडकीकडं बघ आणि बोल. पण तिची मान वर झाली नाही.

चहा झाला. दवाखान्याच्या बाई सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, सफाईला चालतील, पण त्या कंत्राटदारामार्फत, आमच्याकडं थेट नाही. धुलाईवाले घड्याळ बघत होते. झंवर शेठ म्हणाले, कळवतो. कळवतो म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना समजत होतं.

सर पाहुण्यांशी बोलत बसले. मी मागच्या पडवीत गेले. नळाखाली कपांचा ढीग होता आणि सगळ्या जणी तिथं. आता मात्र सगळ्यांना तोंड फुटलं होतं. साबण कुठाय, पाणी बारीक कर, नेहमीचा कलकलाट. मला रडू येत होतं आणि रागही. अंबक्काच्या शेजारी बसून मी एक कप हातात घेतला. म्हटलं, "अक्का, उठलात कशाला? मी सांगून गेले होते ना, अशाच बसा?"

"बसलोच होतो की."

"मग?"

"गाडीचा आवाज आला. गंगव्वा म्हणाली, साहेब येलालेत." ती कप विसळत राहिली. "मग काय बसून राहायचं?"

मी म्हटलं, तुमच्यासाठीच तर येत होते ते. तुम्हाला बघायला.

कप विसळणारे हात थांबले. अंबक्कानं गंगव्वाकडं पाहिलं, गंगव्वानं तिच्याकडं, आणि दोघींना जणू पहिल्यांदाच कळलं की या पोरीला हे ठाऊकच नाही. मग अंबक्का बोलली. पडवीच्या भिंतीकडं बघत, म्हणून सगळं बोलली.

गिरणीत साहेब खात्यात शिरले की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, शिट्टी घालायचा. शिट्टी ऐकली की जिथं असतील तिथं बायका मशीनकडं तोंड करायच्या. जिचं तोंड साहेबाला दिसलं ती मशीन सोडून उभी होती, असा अर्थ. तिचं नाव वर जायचं. त्यामुळं काम असो नसो, धागा तुटो न तुटो, पाठ करायची. बोलायचं तेही पाठ करूनच, मागं न बघता, मोठ्यांदा. नव्या पोरीला पहिल्या दिवशी धागा जोडायला नाही शिकवायचे, हे शिकवायचे.

"मग पुढं पुढं माणसं कमी करायला लागले," ती म्हणाली. "साहेब एक फेरी मारायचे. कोण कोण हाय ते बघत जायचे. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या फळ्यावर नावं. जिचं तोंड ध्यानात राहिलं, तिचं नाव सुचायचं. देखणी होती ती पैली गेली. भांडखोर होती ती दुसरी. आम्ही राहिलो ते साहेबाला आम्ही माहीतच नव्हतो म्हणून. मी शेवटच्या दिवसापर्यंत होते अम्मा. कुलूप लागलं त्या दिवसापर्यंत. एवढ्या वर्षांत साहेबानं एकदा पण माझं तोंड बघितलं नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट जरासा अभिमानच होता, एखादी सुगरण आपली भाकरी कधी करपली नाही म्हणून सांगते तसा.

आम्ही दोन आठवडे त्यांना दिसायला शिकवत होतो. आणि यांनी जन्मभर पोट भरलं होतं ते न दिसण्यावर.

"आता काय," अंबक्का म्हणाली. "जाते राखीला भिवंडीला."

गंगव्वानं कपांची चळत उचलली. जाता जाता, मागं न बघता, नेहमीच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जा की. तिथं बी तेच हाय. भावजयीला तुझं तोंड कशाला लागलंय? भांड्यापुढं वाकलेली पाठ दिसली की झालं."

कुणी हसलं नाही. तिनंही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. अंबक्काचा चेहरा एकदम उतरला. मला गंगव्वाचा संताप आला. मी अंबक्काच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तेवढ्यात सरांनी हाक मारली. पाहुणे निघाले होते.

ते कार्यालय पद्मशाली समाजाचं. व्यासपीठावर मार्कंडेयाची तसबीर, म्हणून चपला बूट पायऱ्यांखाली. दवाखान्याच्या बाई आणि धुलाईवाले निघून गेले, त्यांना पोचवायला सर फाटकाकडं वळले. झंवर शेठच्या बुटांना नाड्या होत्या. ते बूट उचलून वरच्या पायरीवर बसले, पाठ कार्यालयाकडं, आणि वाकून नाडी बांधायला लागले. त्यांची बॅग धरून मी चपला घालून खाली बाजूला उभी होते. काय बोलावं, विनवावं की गप्प बसावं, हे ठरवत होते.

मागं पावलं वाजली. ओल्या पावलांची खूण फरशीवर उमटत अंबक्का आली आणि शेठच्या मागं, चार हातांवर थांबली. तिचे डोळे त्यांच्या पाठीवर होते.

"शेठ," ती म्हणाली.

शेठ वळायला लागले.

मी कसं म्हणाले ठाऊक नाही, पण म्हणाले. "शेठ, एवढं करा. वळू नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग का कोण जाणे, पुन्हा नाडीकडं वाकले, आणि नाडी बोटात धरून तसेच राहिले.

"मघाशी घरीच होते म्हणाले ते खोटं," अंबक्का म्हणाली. आवाज तोच, खिडकीजवळचा. मोठा, खणखणीत, मशीनवरून पलीकडच्या बाईला ऐकू जावा असा. "सासूला लकवा झाला, तिचं सगळं मी केलं, ती मरेपर्यंत. त्यातच नवरा आजारी पडला, त्याचं पण केलं. घरात दोघं निजलेले आणि मी विड्या वळलालते. पानाच्या धुरळ्यानं खोकला झाला म्हणून विड्या सोडल्या. मग लोकांची धुणी केली. एवढं सगळं झाल्यावर पण रोज सकाळी मला भोंगा ऐकू यायचा. बंद पडलेला भोंगा. मी उठून वेणी घालायची. वेणी घालून बसायची."

ती थांबली. नळाचं पाणी वाजत होतं ते पडवीत कुणीतरी बंद केलं.

"तुमच्या गेटवर मी तीनदा आले, शेठ. पैल्यांदा राखणदार म्हणाला, वय झालं. दुसऱ्यांदा म्हणाला, साहेब नाहीत. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही, उभी राहू दिलं. मग तुमची गाडी आली. पांढरी. काच खाली होती, तुम्ही फोनवर बोललालता. गाडी माझ्यापाशी थांबली, गेट उघडेपर्यंत. मी बोलले असते तर तुम्हाला ऐकू गेलं असतं."

शेठचा हात नाडीवरून सुटला.

"मी भिंतीकडं तोंड केलं," अंबक्का म्हणाली. "साहेब आले म्हणून. गाडी गेली मग वळले. तुमची काय चूक नाही. मी तुम्हाला दिसलेच नाही."

मी खाली बघत होते, म्हणून ती पुढं आली ते मला आधी तिच्या पावलांवरून कळलं. शेठच्या बाजूनं ती पायऱ्या उतरली. अनवाणी. खालची फरसबंदी दुपारच्या उन्हानं तापलेली होती, माझ्या चपलेतून चटका बसत होता. ती त्या फरसबंदीवर जाऊन उभी राहिली, शेठच्या अगदी समोर, आणि वळली. डोक्यावरचा पदर तिनं मागं सारला. चेहरा घामानं निथळत होता. पण डोळे सरळ त्यांच्या डोळ्यांत.

"हे माझं तोंड," ती म्हणाली. "बघून घ्या."

पडवीच्या दारात बाकीच्या पाच जणी येऊन उभ्या होत्या. गंगव्वा सगळ्यात पुढं, पदराचं टोक दातात.

झंवर शेठ उठले. एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यात. तेही उन्हात उतरले.

"नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं. आत याच बाईला त्यांनी पाणी "आण" म्हटलं होतं.

"अंबूबाई राजमल्लू चिट्याल. रिंग खातं."

"उद्या सकाळी फॅक्टरीवर या, अंबूबाई. शिवायचं नाही म्हणत मी, ते शिकावं लागेल. पण घडीला, इस्त्रीला माणूस हवंय. बघू दोन महिने." ते जरा अडखळले. "गेटवर माझं नाव सांगा, सोडतील."

अंबक्कानं मान हलवली. मला वाटलं, होय म्हणाली. पण ती म्हणाली, "तुमचं नाव सगळेच सांगतात, शेठ. माझं तेवढं गेटवर सांगून ठेवा."

शेठनी खिशातून फोन काढला आणि तिथंच, तिच्या समोर, राखणदाराला फोन लावला. चिट्याल, म्हणाले, अंबूबाई चिट्याल, होय, नाव नीट ऐक.

ते गेल्यावर अंबक्का पायरीवर बसली आणि तळपायांवर फुंकर घालत राहिली. गंगव्वा पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली, तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "घाल पाय त्यात, साहेबीण." मग तिच्या शेजारी बसली. दोघी बराच वेळ एकमेकींकडं न बघता, समोरच्या फाटकाकडं बघत काहीतरी बोलत होत्या.

सगळ्यांचं काही झालं नाही. त्या सहांपैकी आणखी एकीला दवाखान्यात चादरी मोजायचं काम मिळालं, तेही सरांनी पुन्हा चार चकरा मारल्यावर. तिघी विड्यांकडं परत गेल्या. अंबक्काचे दोन महिने झाले आणि तिला कायम केलं, पण ती सांगायची, शेठ मजल्यावर आले की आपोआप पाठ होतेच. मग ती मान वळवून बघते. तेवढं जमलंय, म्हणायची. गंगव्वा कुठंच लागली नाही. मला बघून कोण काय घेणार, म्हणाली, आणि सरांनी तिलाच ठेवून घेतलं. नव्या बायका आल्या की ती चष्मा लावून साहेब होते. दारातून आत येते, खुर्च्यांवरून नजर फिरवते आणि जी उठेल तिला ओरडते.

राखीला नरसय्या आला होता. बहिणीनं राखी बांधली, जेवू घातलं, आणि जाताना भावजयीच्या कंबरेला ऊब राहावी म्हणून एक जाड सोलापुरी चादर दिली. बसस्टँडवर त्याला सोडायला मीही गेले होते. तो मला म्हणाला, "म्याडम, ही पैल्यापासून हट्टी." अंबक्का त्याच्याकडं बघून हसली. आवाज करून.

माझ्या लेकीच्या बारशाला ती आली. इतकी माणसं, इतका गलका. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून मांडीवरच्या बाळाच्या तोंडावर आपला मऊ पदर घालून ठेवला होता. अंबक्कानं पिशवीतून दुपटं काढलं, गणवेशाच्या निळ्या चौकड्यांच्या तुकड्यांचं, स्वतः शिवलेलं. टाके थोडे वाकडे होते. शिवणं ती त्या वर्षीच शिकली होती. दुपटं बाळाच्या पायांवर घातलं आणि मग दोन बोटांनी पदराचं टोक बाजूला केलं.

"तीट लावलीय की," सासूबाईंना म्हणाली. "मग झाकून कशाला ठेवता, ताई? बघू दे लोकांना."

लेकीनं डोळे किलकिले केले. उजेडानं तोंड वाकडं केलं, रडणार असं वाटलं, पण रडली नाही. वाकलेल्या त्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहिली, आणि अंबक्काही तिच्याकडं बघत राहिली, कितीतरी वेळ.

मी जेवायला बसा म्हणून आग्रह केला. तिनं पदर खोचला, कमरेशी हात नेऊन किल्ली चाचपली.

"बसत नाही अम्मा," म्हणाली. "घराला कुलूप लावून आलेय."